बस

पस्तीस वर्षे कोराडीत, टर्बाइनशेजारी,
ओरडूनच बोललो. तिथे हळू बोललेले
बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही.

भुरीला ‘बस’ म्हटले
तर ती कूलरच्या स्टँडखाली शिरली,
ठिबकत्या वाळ्याला चिकटून, शेपूट पोटाशी.
हातात ग्लुकोजचे बिस्कीट. मी पुन्हा: बस!
समोरच्या मेश्रामांचा नातू
चालता चालता मटकन खाली बसला.
ती नाही.

आतून ही म्हणाली,
“हळू बोला ना जी, तिले कान आहेत.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत
मानेवाड्याच्या आमच्या गच्चीवर
आधी मीच मांडी घातली. गुडघे वाजले.
आवाज शोधत घशाच्या तळाशी गेलो.
होता तिथे एक, न वापरलेला,
आहेरातल्या भांड्यासारखा कागदात गुंडाळलेला.
त्यात म्हटले, बस ना बाई.

तिने मान तिरपी केली. मागचे पाय दुमडले,
पण बूड चार बोटे अधांतरी;
फरशी कालची अजून तापलेलीच होती.
दिले बिस्कीट. एवढे चालते.

रात्री जेवताना म्हटले, “जरा मीठ दे.”
हिचा हात वरणातच थांबला.
माझ्याकडे पाहिले तिने,
मान तिरपी करून.