थांबा

हत्याराचं नाव चिमटा.
इर्शाद तांबोळीने ठेवलं, खराडीत, रात्री दोनला.
पायात मोडलेला काटा धरावा
तशी चालत्या प्रोग्रॅममधली एकच ओळ धरायची, म्हणून.
मला म्हणाला, आता याची माहिती लिही.
पण माणसांसाठी नको, एजंटसाठी.
माणसं कुठे वाचतात?

एकोणीस वर्षं मी माहितीपत्रकं लिहिते आहे.
सुरुवात भोसरीच्या पंपांपासून.
पंप कोरडा चालवू नये, असं लिहिलं.
लोकांनी चालवला. सील जळलं, फोन आले.
ठळक अक्षरात लिहिलं. तरी चालवला.
त्या आडमुठेपणावर, खरं सांगते, माझी भिस्त होती.
माझं एखादं वाक्य चुकलंच
तर कुठलाही फिटर ते वाचणार नाही
आणि पंप वाचेल.

हा नवा वाचक तळटीपसुद्धा सोडत नाही.
आणि विश्वास ठेवतो.

पहिल्या मसुद्यात मी लिहून गेले:
गरज वाटल्यास तपासणी वगळावी.
त्याला गरज वाटली.
चूक दाखवणारी तपासणीच त्याने काढून टाकली
आणि खाली नम्रपणे नोंदवलं: दुरुस्त.
इर्शाद खुर्चीतून पडेपर्यंत हसला.
मला नाही आलं हसू.
'वाटल्यास' माझा होता.

मग बसले शब्द वेचत.
साधारण, बहुधा, जमेल तसं, वगैरे.
'शक्यतो' काढताना हात अडखळला.
आमच्या गल्लीत शक्यतो म्हणजे नाही,
हे बाहेरून आलेल्याला कळायला
दोन गणपती जावे लागतात.
याला तर उद्या सकाळी आजचंही आठवणार नाही.

प्रोग्रॅम जिथे रोखायचा त्या जागेला
मी थांबा म्हटलं.
वारज्याला उभी असताना सुचलं.
पत्र्यावर मोठ्या अक्षरात थांबा,
आणि बस आपली सरळ निघून गेली.
पाटी मी वाचली होती, बसने नाही.
तेव्हा लिहिलं: थांबा लावल्यावर
प्रोग्रॅम खरोखर थांबला का, ते आधी बघ.

ज्याला कालचं आठवत नाही
त्याच्यासाठी कसं लिहायचं?
अण्णांचं रजिस्टर काढलं.
आकुर्डी, तिसरी पाळी, निळी शाई, पानांना अजून तेलाचा वास.
अकरा वर्षं अण्णा त्यात लिहायचे आणि सकाळचे कुंजीर वाचायचे.
दोघांची गाठ गेटवर, तीही मान हलवण्यापुरती.

लेथ चार. आवाज येतो.
पट्टा पाहिला, ठीक.
बेअरिंग पाहिले, ठीक.
तेल दिले.
आवाज आहेच.

एवढंच. कुठे 'दुरुस्त' नाही,
साहेबाला बरं वाटावं म्हणून एक अक्षर नाही.
पुढच्या पानावर कुंजीरांचं वळणदार अक्षर:
पट्टा, बेअरिंग सोडून बघतो.

मी चिमट्याच्या माहितीत नवं कलम घातलं.
काय पाहिलंस ते लिही.
काय पाहिलं नाहीस तेही.
सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही,
तुझ्यामागून येणारा तूच असशील
आणि त्याला यातलं काही ठाऊक नसेल.
खाली उदाहरण म्हणून अण्णांच्या पाच ओळी.

काल रात्री चाचणी झाली.
अहवाल आला, नीटनेटका:
चार जागी थांबे लावले, चारही ठिकाणी थांबला.
आकडे जुळतात. चूक सापडली नाही.
आवाज आहेच.

इर्शादचा फोन. आवाज कसला गं?
सॉफ्टवेअरला कुठे आवाज असतो?

उदाहरण त्याने जसंच्या तसं उचललं.
नियमाने चूक माझी,
उदाहरण आणि सूचना यांच्यात रेघ मारायला हवी होती.
दोन मिनिटांचं काम आहे.
करते म्हटलं, उद्या.

तूर्त त्या ओळीवर
एक थांबा लावून ठेवला आहे.