तिसरा गिअर

शोरूममधला मल्लिनाथ
सगळं अंबादासलाच सांगत होता.
मायलेज, हप्ता, बोनेटची उंची,
"साहेब, यात बसलं की रस्ता खाली दिसतो."
चेक माझा. लायसन माझं.
आसरा चौकातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत
रोज चौदा किलोमीटर जाणारी मी.

अंबादास म्हणाला, अक्का, मोठी घे की.
भावजयीनं सातवी सीट मोजली,
आईनं तुळजापूरचा घाट मोजला,
शेजारच्या कुडक्याल काकांनी
माझं वय मोजून
"ऑटोमॅटिक" असं हळूच सुचवलं,
गुडघ्याचं तेल सुचवावं तसं.

मी कोपऱ्यातल्या लहान गाडीकडं बघत होते.
ठेंगणी, रुंद खांद्यांची,
चढाईआधी रेषेवर वाकलेल्या
कबड्डीतल्या पोरीसारखी.
टर्बो. सहा गिअर, हातानं टाकायचे.
"मॅडम, ती कॉलेजची पोरं घेतात,"
मल्लिनाथ पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

चालवून बघताना मी एसी बंद केला.
एप्रिल, दुपारचे दोन, काच खाली.
अंबादास तोंडावर रुमाल धरून.
मला इंजिन ऐकायचं होतं.

अशोक चौकाच्या मागं, पत्र्याखाली
आमचे चार माग होते.
नाना पाठमोरे जेवायला बसायचे
आणि घास थांबवून म्हणायचे,
तीन नंबरचा धागा तुटणार बघ.
तुटायचाच.
त्या खडखडाटात मी दहावी केली.
माग विकले त्या रात्री
शांततेनं घरात कुणालाच झोप लागली नाही.
आता मी टॉवेलच्या कारखान्यात
संगणकावर जॅकार्डची फुलं काढते,
थंड खोलीत, कानात कापूस घातल्यागत.

दुसऱ्या गिअरला दोन हजारापर्यंत काही नाही.
अडीच हजारावर
आतून कुणीतरी दार उघडलं
आणि पाठ सीटला टेकली.
तिसरा धोट्यासारखा बसला,
खट्, इकडून तिकडं,
हाताला कळतं, डोळ्याला नाही.
मी हसले. मोठ्यानं.
अंबादासनं वरची दांडी धरली.

मग होटगी रोडचा तो गतिरोधक,
पांढरे पट्टे नसलेला, एका रात्रीत उगवलेला.
पोटाखालून खर्रर्र.
मागच्या सीटवर मल्लिनाथनं डोळे मिटले.
"सांगत होतो की नाही?" अंबादास म्हणाला.
उतरले, वाकून बघितलं.
बोटभर ओरखडा.
सही तिथंच केली असती,
पेन शोरूममध्ये होतं.

आता सहा महिने झाले.
पेट्रोल अंबादासला सांगते त्याहून जास्त लागतं.
टायरची कड पातळ; नजीर मिस्त्री म्हणतो,
मॅडम, खड्डा दिसला की लांबूनच नमस्कार करा.
डिकीत पाण्याचे दोन जार
आणि नमुन्यांची एक गाठ, बस्स.
आई बसताना म्हणते, विहिरीत उतरायलेय का गं मी?
पण काच वर करू देत नाही.
गतिरोधक मी तिरपे घेते,
एकेक चाक, तांदूळ निवडल्यासारखं.
मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

सहाला कारखाना सुटतो.
गेटपासून जुन्या नाक्याच्या पडक्या खोलीपर्यंत
दीड किलोमीटर रस्ता मोकळा,
दोन्हीकडं वेड्या बाभळी, त्यांवर दिवसभराची धूळ.
साठच्या पुढं जात नाही मी.
पण साठपर्यंत कसं पोचायचं
ते माझं मी ठरवते.
दुसरा.
तिसरा.

परवा त्यातच एक बारीक किणकिण ऐकू आली,
पुढून, उजवीकडून.
नजीरला म्हटलं, बेअरिंग जाणार बघ.
चाक फिरवून बघितलं त्यानं, हसला.
काही नाही मॅडम, भास असेल.

गुरुवारी गेलं.