पंधरा किलो

परकारने नियम घालून दिलाय: माणशी एकच बॅग,
पंधरा किलो, वर एक ग्रॅम नाही.
खसबपर्यंत गाड्या जातील, पुढे बोट,
आणि बोटवाल्याला आपल्या हौसेचं ओझं
उचलायचा पगार मिळत नाही.

म्हणून शारजात, अल नहदाच्या सातव्या मजल्यावर
बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून
मी बॅग कडेवर घेऊन उभा राहतो,
मग नुसता उभा राहतो,
आणि वजाबाकी करतो.
साडेसतरा.

टोपी. लांब बाह्यांचे दोन शर्ट.
बॅटरी, कारण लॉजवरचा जनरेटर दहाला झोपतो.
पासपोर्ट, हद्दीवर दाखवायला.
गळांची डबी, शिसं,
आणि सहा रंगांची प्लास्टिकची मासळी,
डोळे रंगवलेली, इतकी देखणी
की तिला भुलणारा मासा मला जरा बावळटच वाटतो.
फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी माकूल, आमिषाचं.
वैजयंतीने त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय,
'खायचं नाही'.
आमच्या घरात माकलावर असं लिहायची वेळ
पहिल्यांदाच आली.

आईचा फोन आला तेव्हा मी रिळावर दोरा चढवत होतो.
"जाली किती नेताय?"
जाळी नाही गं, गळ.
"आठ बाप्ये. आन् गळ."
हो.
"जेवन-खान ते देतात ना?"
आपण पैसे देतो त्यांना. माणशी सहाशे.
करंज्याच्या बाजूला थोडा वेळ शांतता.
दिरहॅमचे रुपये करत असणार.
मोठा मासा लागला तर फोटो काढून
परत पाण्यात सोडायचा ठरलंय,
हे मी तिला सांगितलं नाही.

आमच्याकडे दर्यावर जाण्याला कुणी सहल म्हटलं नव्हतं.
बाबांची बॅग मी कधी पाहिली नाही.
एका डब्यात भाकऱ्या, तंबाखू,
इंजिन पुसायला माझी जुनी चड्डी,
एवढ्यावर ते नऊ-नऊ दिवस जात.
आले की अंगणात उभे राहत,
आणि जमीन अजून हलतेय म्हणून
भिंतीला एक हात लावून ठेवत.

"तिथी कुठली?" तिने शेवटी विचारलं.
मला शुक्रवार माहीत होता.
"अष्टमी हाय. भांगाचं पानी, मेलेलं.
काय लागनार नाय तुमाला."
मग फोन ठेवता ठेवता,
"मीठ ने. लागलंच तर फुकट जायला नको."

रात्री दहाला गावंड आला. यादीतला आठवा.
कंपनीने व्हिसा रद्द केलाय,
हातात थोडेच दिवस आहेत,
आणि हद्द ओलांडली तर परत आत येता येणार नाही.
खोलीतलं सामान अजून तसंच पडलंय.
त्याने काळ्या पाइपातली आपली काठी आणली होती.
"ही तेवढी न्या," म्हणाला. "तिला तरी दाखवून आणा."
चहा घेतला नाही.
एकोणीस वर्षं इथे, आणि विमानात तीस किलो.
तो हे हसत हसतच सांगत होता.
जाता जाता काट्यावर चढला,
आकडा पाहिला,
आणि कुणाला न सांगता उतरला.

मग मी बुटांचा दुसरा जोड काढला.
चार प्लास्टिकचे मासे काढले, निळा ठेवला, आणि एक हिरवा.
एक शर्ट.
मीठ काढलं, पुन्हा घातलं.
चौदा नऊशे.

काठी कुणाच्याच बॅगेत मावणारी नव्हती.
मांडीवर आडवी घेऊन बसेन.
बर्फ पहाटे घ्यायचाय, रास अल खैमाच्या पंपावर.
तो परकार वजनात धरत नाही,
पोहोचेपर्यंत निम्माच उरतो.