सहावं भोक

हातिमभाईंनी काउंटरवर चादर अंथरली,
आपलीच, मोराची, कडेला विरलेली,
आणि तिच्यावर तीन रिव्हॉल्वर ठेवली
पाहुण्यापुढे चहा ठेवावा तशी,
मुठी माझ्याकडे करून.

पहिलं आखूड. बत्तीस बोअरचं.
'सोलापुरात हेच जातं बघा. कमरेला बसतं.
लग्नात शर्टाखालून दिसतं, पाहिजे तेवढंच.'
मी म्हटलं, कंबर तर मागावरच गेली माझी.
मला पुठ्ठ्यावर मारायचंय.
पंचवीस मीटर, काळा गोल,
रविवारी, ऊन चढायच्या आत.

'पुठ्ठ्यावर?'

फौजदारांनीही असंच विचारलेलं:
वैर कुणाशी? जमीन? भावकी?
साहेब, घरकुलात दोन खोल्या,
भाऊ भिवंडीला,
वैर करायचं तरी कशाचं?
तरी त्यांचं पेन 'स्वसंरक्षणा'कडेच वळत होतं,
सोपं जातं म्हणे.
मी म्हटलं, खेळ लिहा.
त्यांनी लिहिलं, मग पुन्हा गिरवलं,
रकान्यात तो शब्द बसत नसल्यासारखा.

दुसरं बावीस बोअरचं, नवंकोरं, लांब नळीचं.
रबरी मूठ हातात घेतली तर
दुसऱ्याच्या चपलेत पाय गेल्यागत झालं.
घोडा न चढवता चाप ओढावा
तर ओढेओढेपर्यंत नळी दार सोडून कॅलेंडरवर जाते.
'रिकामं ओढू नका, पिन मरते,' हातिमभाई म्हणाले
आणि सहा कप्प्यांत सहा पुंगळ्या भरल्या,
वापरलेल्या, काळवंडलेल्या,
कुणाच्या तरी गेल्या रविवारच्या.

तिसरं बार्शीच्या एका डॉक्टरांचं.
ते गेले. पोरांना नको होतं.
बावीसच, पण जड.
मूठ शिसवीची, धोट्यासारखी गुळगुळीत,
अंगठ्यापाशी झिजलेली,
त्यांच्या अंगठ्यानं.
मला जडच हवं होतं.
एकतीस वर्षं माग हलायचा, त्याच्याबरोबर मी.
आता माग भंगारात आणि हात एकटाच हलतो.
भूदेवी म्हणते, थंडीनं असेल.
सोलापुरात. एप्रिलमध्ये.

हातिमभाईंनी नळीवर रुपया ठेवला.
घोडा चढवा. ओढा. पडला नाही पाहिजे.
पडला.
काउंटरखाली जाऊन शोधला.
पडला.
पुन्हा.
मग एकदा राहिला,
आणि मला पंख्याचा आवाज ऐकू आला,
ज्या कानाला घरी हाक ऐकू येत नाही त्या कानात.

जन्मभर मी पुठ्ठ्याला भोकंच पाडली.
जकार्डची कार्डं.
भोक असेल तिथं सुई आत, धागा वर,
नसेल तिथं खाली.
एवढ्यावर मोर उभा राहतो.
एकदा एक चुकलं
आणि तीनशे चादरींत मोर आंधळा निघाला.
मालकानं त्या स्वस्तात काढल्या.
त्यांच्याखाली कुणीतरी झोपत असेल अजून.

मला आता असं भोक पाडायचं होतं
ज्यानं काहीच वर उचललं जाणार नाही.

भिशीचे पैसे मोजले. हातिमभाईंनी पुन्हा मोजले.
गोळ्यांच्या डब्याचा भाव ऐकून
मी मनात रविवार कमी केले,
महिन्यातून दोन.

होटगी रस्त्याच्या पुढं, जुन्या खाणीत,
पहिल्या दिवशी सहा मारल्या.
घरी आलो, पेटी कुलपात घातली,
पुठ्ठा घडी न करता आणला होता.
भूदेवीच्या मांडीवर सूप, तेंदूची पानं, तंबाखू.
पेटीकडे तिनं बघितलं नाही.
'एंदुकू?' एवढंच ती महिनाभर विचारत होती,
तेही आता विचारलं नाही.
पुठ्ठा उचलला, दाराच्या उजेडात धरला,
विड्या मोजते तसा अंगठा फिरवला.

'पाचच आहेत.'

सहावी गेली, म्हटलं, खाणीत कुठंतरी.

तिनं एका भोकाला डोळा लावला,
बोळातून बाहेर बघितलं,
बराच वेळ.
मग सुपाकडे वळत म्हणाली,
'कार्ड वाया गेलं.
मागाला लावू नको.'