टोक

दड्डीच्या पुलाखाली इनास
डब्यातनं तीन टोकं काढतो:
पिवळं, तांबडं, पांढरं.
"तांबडं घे. वरनं पाणी सोडलंय."

मी हट्टानं पांढरं बसवतो, सगळ्यांत मऊ.
पाणीच त्याला वाकवून ठेवतं,
सदा हो हो म्हणणाऱ्या माणसागत;
मासा आला काय, गेला काय.

मग तांबडं. दोरी ताणून
जरासं वाकेल इतकंच.
पिंजऱ्यात शेंगदाण्याची पेंड.
आता नदीकडं बघायचं नाही,
फक्त वीतभर काडीकडं.

थरथर.
"थांब, बारका चाखायलाय."
पलीकडं कुणीतरी कन्नडात म्हशी हाकतंय.
थरथर.

आणि एकदम टोक सरळ, दोरी सैल.
गेला, म्हणून मी खाली बसतो.
"उचल की!" इनास ओरडतो,
"मोठा हाय, आपल्याकडंच चालत यायलाय."