दोन्हीकडं

अंधाऱ्या खोलीत, साडेसातला,
काचपट्टीवरच्या पेशी विझल्यासारख्या.
लेझर लावला की
केंद्रक निळं, सांगाडा लाल,
आणि आम्ही ज्याच्या मागं आहोत
ते प्रथिन हिरवं.

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत,
परका माणूसही चुकत नाही.
पेशी तशी नाही.
पेशी म्हणजे पेठेतला पत्ता :
तालमीच्या मागनं, बोळातनं आत,
म्हशी दिसतील, तिथं कुणालाबी विचारा.

शमा अत्तार रकाने भरते.
केंद्रक. केंद्रक. पडदा. केंद्रक.
"आणि हे कुठलं ओ?"

हे केंद्रकातही आहे
आणि लांब, तंतुकणिकेतही.
आधी आम्ही प्रतिपिंडालाच खोटं ठरवलं.
दुसरं आणलं. तिसरं.
वर्ष गेलं त्यात.
तरी ते दोन्हीकडं, निवांत,
कुणाची चोरी नसल्यासारखं.

माझे वडील दिवसा गुळाच्या अडतीत हमाल,
रात्री उद्यमनगरात वॉचमन.
शाळेच्या फॉर्मवर
'वडिलांचा व्यवसाय'पुढं एकच ओळ असायची.
मी काय लिहायचो, आठवत नाही.

"एकच लिहायचंय ना?" शमा विचारते.
मी पट्टी घेतो
आणि रकाना
शेजारच्या कोऱ्या जागेत वाढवतो.