पोकळ लाकडाबद्दल

बस्त्यांव लोबो दोन गिटारी घेऊन आला
रेडीहून, एसटीच्या मागच्या सीटवर,
एक मांडीवर, एकीला अर्धं तिकीट.
मी पेट्या दुरुस्त करणारा माणूस. शिरोड्याच्या बाजारात
माझं दुकान: भाते, पट्ट्या, उंदरांनी खाल्लेलं कातडं.
गिटारीतलं मला काय कळतं?
"कान आहेत ना," म्हणाला, "तेवढे पुरे."

एक त्याच्या बापाची. मिंगेल बोटीवर खलाशी,
एकसष्ट साली कुठल्याशा थंड बंदरातून
कांबळ्यात गुंडाळून आणलेली.
मधाच्या रंगाची, पोट पोकळ, दोन्ही कुशींना
वेलांटीसारख्या चिरा,
आणि तरी वायर खुपसायची सोय.
घुमणं लाकडाचं, ओरडणं विजेचं.

दुसरी त्याच कारखान्याची, त्याच मापाची,
गेल्या साली निघालेली.
"तश्शीच," असं तिच्या कागदावर लिहिलंय.
तश्शीच म्हणजे किती? वार्निशाला बारीक तडेसुद्धा
पाडून दिलेत. कड घासून दिलीय,
जिथे कुणाचंच कोपर कधी टेकलं नव्हतं.

मी हसलो. आमच्याकडे फणसाचं खोड
पाच पावसाळे आडवं पडल्याशिवाय
पखवाजवाला त्याला शिवत नाही.
आधी पाणी जातं, मग चीक जातो, मग
आपण झाड होतो ही आठवण जाते,
तेव्हा कुठे ते दुसऱ्याचं ऐकायला लागतं.
हे त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं
आणि पाठ करून बसलो. वाजव.

पहिली: उजळ, थोडी उतावळी,
वरच्या सुरांना पहिल्या बाकावर बसायची घाई.
दुसरी: खर्जात जाड, कडांना मऊ,
मिठागरात भरतीचं पाणी शिरतं तशी आत येणारी,
बोट उचललं तरी जरा वेळ दारात थांबणारी.
"दुसरी बापाची," मी म्हटलं, वळूनही न पाहता.

दुसरी नवी होती.

बस्त्यांव खाली बघत होता.
मग म्हणाला, तारा बदलल्यात.
बापाने शेवटच्या नाताळात वाजवलेल्या,
घामाने काळ्या पडलेल्या चपट्या तारा
त्याने नवीला चढवल्या होत्या. जुनीला कोऱ्या.
आवाज नक्की कुठे असतो
ते त्यालाच ठरवता येईना, म्हणून माझ्याकडे.

परत बदलून बघू, मी म्हटलं.
पहिलीच तार खुंटीवर अर्धा वेढा घेऊन तुटली.
लहानसा आवाज झाला.
तो मात्र कुठून आला ते दोघांनाही कळलं.

काहीतरी करायला हवं म्हणून
बॅटरी घेऊन जुनीच्या चिरेतून आत पाहिलं.
आत कुंभारीण माशीचं घर. मातीचं, चार खोल्यांचं,
फळीला घट्ट धरलेलं, रिकामं.
गंधार लावला की किंचित खरखरतो, तो हिचा.
"टोकरून काढतो, पाच मिनिटांचं काम."
"असांदे," तो म्हणाला. मग परत: "असांदे रे.
नवीत खंय असा ह्यां?"

जाताना नवी माझ्याकडेच ठेवली,
पेटीत न घालता. खिडकीपाशी,
जिथून मिठागराचा वारा येतो
आणि मे महिन्यात कुंभारणी.
पावती फाडताना कामाच्या रकान्यात
काय लिहावं सुचेना.
तारेचे पैसे मी देऊ केले. त्याने तुटका तुकडा
बोटाला गुंडाळून घेतला
आणि अर्ध्या तिकिटाची बचत झाली म्हणाला.